अठ्ठाविसाव्या वर्षी न्यायमंत्री: एमिली एंगर मेल यांची कारकीर्द कशी वाचावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: नॉर्वेत २०२१ साली २८ वर्षांची एक तरुणी न्यायमंत्री झाली आणि सव्वातीन वर्षांहून अधिक काळ त्या पदावर टिकली. प्रशासनाचा अनुभव नसताना एवढे मोठे खाते तिला मिळाले कसे? ते तिला झेपले का? आणि राजकारणात जाऊ पाहणाऱ्या कायद्याच्या विद्यार्थ्याने यातून काय घ्यावे?

मी मूळची सांगलीची. कायद्याची पदवी ओस्लोत घेतली आणि इथेच फौजदारी आणि निर्वासितांच्या आश्रयाच्या प्रकरणांत वकिली करते. तुम्ही ज्या खात्याबद्दल विचारता आहात त्याची परिपत्रके, त्याचे निर्णय आणि त्या निर्णयांविरुद्धची अपिले हेच माझे रोजचे काम आहे. तेव्हा उत्तर लांबेल, पण तुमच्या तिन्ही प्रश्नांना धरूनच असेल.

माझे मत आधीच सांगून टाकते. वय हा या कारकिर्दीतला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. भारतीय वाचकाची नजर पहिल्यांदा वयावर जाते, कारण आपल्याकडे तिशीच्या आत मंत्री झालेला माणूस बहुतेक वेळा कुणाचा तरी मुलगा, मुलगी किंवा पुतण्या असतो. एमिली एंगर मेल तशा आल्या नाहीत. ज्या वाटेने त्या आल्या ती नॉर्वेत सरळ आणि रुळलेली वाट आहे. त्यांची खरी परीक्षा खुर्चीवर बसल्यानंतर झाली, आणि ती जबाबदारीची होती: चुकले तर कोण पुढे येऊन बोलणार, आणि संसदेने विचारले तर कितपत खरे आणि किती लवकर सांगणार. या परीक्षेत त्या काही वेळा फार चांगल्या उतरल्या आणि एकदा वाईट रीतीने घसरल्या.

मेल यांचा जन्म १९९३ चा. त्या हेडमार्कमधल्या ओस्नेस पालिकेतल्या. हा भाग स्वीडनच्या सीमेलगतचा. जंगल, लाकूड, बटाट्याची शेती आणि ग्लोमा नदी. राजधानीपासून अंतर फार नाही, पण इथल्या लोकांच्या मनात राजधानीबद्दल एक जुनी तक्रार आहे: दवाखाना बंद होतो, पोलीस ठाणे बंद होते, कोर्ट दुसऱ्या गावी जाते, आणि निर्णय घेणारे सगळे ओस्लोत. ही तक्रार संसदेत मांडणारा पक्ष म्हणजे सेंटर पार्टी. १९२० साली शेतकऱ्यांचा पक्ष म्हणून तो सुरू झाला आणि १९५९ मध्ये त्याने हे नाव घेतले. पक्षाचे अध्यक्ष ट्रिग्वे स्लाग्सवोल्ड वेडुम हेही हेडमार्कचेच.

आता निवडणूक. संसदेला इथे स्टोर्टिंग म्हणतात. १६९ जागा, १९ मतदारसंघ, दर चार वर्षांनी ठरलेल्या महिन्यात निवडणूक, आणि मुदतीपूर्वी संसद विसर्जित करण्याची सोयच नाही. मतदान करायलाही आणि उभे राहायलाही वय १८ पुरे. मत उमेदवाराला पडत नाही, पक्षाच्या यादीला पडते. यादीत पहिले कोण, दुसरे कोण, हे त्या जिल्ह्यातल्या पक्षाच्या प्रतिनिधींची सभा ठरवते. २०१७ साली हेडमार्कच्या यादीत वेडुम पहिले होते आणि त्यांच्याखाली मेल. पक्षाला तिथे भरघोस मते पडली आणि ओस्लो विद्यापीठात कायदा शिकलेली ही मुलगी २४ व्या वर्षी खासदार झाली.

या पद्धतीचा एक परिणाम बाहेरून सहज दिसत नाही. प्रचाराचा खर्च पक्ष करतो आणि पक्षांच्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी अनुदानातून येतो. त्यामुळे उमेदवाराकडे स्वतःचे पैसे किंवा कारखाना, संस्था, बँक असण्याची गरज पडत नाही. जिल्ह्याच्या सभेला पटवता आले की झाले. ती सभा यादी बनवताना स्त्री-पुरुष, उत्तर-दक्षिण, तरुण-प्रौढ असा तोल मुद्दाम सांभाळते. म्हणजे तरुण असणे ही इथे अडचण नसते, उलट यादीला एक तरुण नाव हवेच असते. प्रत्येक पक्षाची युवक संघटना आहे. निवडणुकीआधी उच्च माध्यमिक शाळांत लुटुपुटीचे मतदान होते, त्याचे निकाल वर्तमानपत्रांत गांभीर्याने छापून येतात, आणि त्यासाठी १७-१८ वर्षांची मुले सभागृहात उभी राहून एकमेकांशी वाद घालतात. विशीच्या मध्याला पोचेपर्यंत अशा माणसाच्या मागे जाहीर वादविवादाची बरीच वर्षे असतात. ‘अनुभव नसताना’ हे तुमचे शब्द म्हणूनच मला तितकेसे पटत नाहीत. प्रशासनाचा अनुभव नव्हता हे खरे. राजकारणाचा होता.

खासदारकीची पहिली चार वर्षे विरोधी बाकावर गेली. तेव्हा एर्ना सोलबर्ग यांचे उजवे सरकार होते आणि त्यांनी कायदा-सुव्यवस्थेच्या क्षेत्रात मोठी फेररचना केली होती. पोलिसांचे २७ जिल्हे १२ वर आणले. कनिष्ठ न्यायालये ६० वरून २३ वर आणली. इमारती बऱ्याच ठिकाणी राहिल्या, पण प्रमुख एक आणि कारभार एकत्र. ग्रामीण नॉर्वेत याचा राग होता आणि सेंटर पार्टीने तो नेमका उचलला. मेल पक्षाच्या वतीने या विषयांवर बोलत. २०२१ च्या उन्हाळ्यात अमली पदार्थांचे सेवन आणि किरकोळ साठा शिक्षेच्या कक्षेतून बाहेर काढण्याचा सरकारचा प्रस्ताव संसदेत पडला. त्याच्या ठाम विरोधकांत त्या होत्या. माझे मत वेगळे आहे. व्यसनी माणसाला दंड ठोठावून काही साधत नाही हे मी कोर्टात इतके पाहिले आहे की मला तो प्रस्ताव हवा होता. पण त्यांनी आपली बाजू अभ्यासून मांडली होती, एवढे मान्य करायला हवे.

सप्टेंबर २०२१ च्या निवडणुकीत सेंटर पार्टीला १३.५ टक्के मते आणि २८ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला ४८. मिळून ७६, म्हणजे बहुमताला ९ कमी. तरीही योनास गार स्टोरे यांच्या नेतृत्वाखाली या दोघांनी अल्पमतातले सरकार बनवले, कारण नॉर्वेत सरकारला विश्वासमत मिळवून सुरुवात करावी लागत नाही. बहुमत विरोधात उभे राहिले नाही म्हणजे पुरते. आणि न्यायखाते गेले मेल यांच्याकडे. नॉर्वेच्या इतिहासात एवढ्या कमी वयाचा न्यायमंत्री आधी झाला नव्हता.

हे खाते म्हणजे काय, ते नीट सांगते, कारण ‘न्यायमंत्री’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विधी व न्याय खाते येते आणि इथेच गफलत होते. नॉर्वेच्या या खात्याखाली पोलीस येतात, अंतर्गत गुप्तवार्ता सांभाळणारी पोलीस सुरक्षा सेवा येते, तुरुंग येतात, परदेशी नागरिकांचे प्रवेश आणि आश्रय येतात, आपत्ती व्यवस्थापन आणि नागरी संरक्षण येते, समुद्रात आणि डोंगरात शोध घेणारी बचाव हेलिकॉप्टरे येतात, शिवाय उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांच्या कारभाराचा समन्वयही येतो. आपल्याकडचे गृहखाते, मदत व पुनर्वसन आणि विधी व न्याय एकत्र बांधले तर याचा अंदाज येईल. मात्र दोन गोष्टी मंत्र्याच्या हाताबाहेर मुद्दाम ठेवल्या आहेत. एखाद्यावर खटला भरायचा की नाही हे सरकारी अभियोक्त्यांचा प्रमुख ठरवतो, आणि त्या निर्णयात मंत्र्याने तोंड घालायचे नाही. न्यायालयांचा रोजचा कारभार ट्रॉन्हेममधले स्वतंत्र न्यायालय प्रशासन पाहते.

(जाता जाता: नॉर्वे म्हटले की भारतीय वाचकांना २०११-१२ मधले स्टावांगरचे प्रकरण आठवते, ज्यात एका भारतीय जोडप्याची मुले बालकल्याण खात्याने ताब्यात घेतली होती. मला अजूनही त्याबद्दल विचारणा होते. तो विषय बालक व कुटुंब खात्याचा आहे, न्यायखात्याचा नाही.)

खात्याच्या नावात ‘आपत्तिसज्जता’ हा शब्द २०१२ च्या सुरुवातीला आला, आणि त्यामागे २२ जुलै २०११ आहे. त्या दिवशी एका उजव्या अतिरेक्याने ओस्लोतल्या सरकारी इमारतींपाशी बॉम्ब फोडला आणि मग उटोया बेटावर मजूर पक्षाच्या युवक शिबिरात गोळीबार केला. ७७ माणसे गेली, त्यांतली ६९ उटोयावर, बहुतेक किशोरवयीन. मेल तेव्हा १७ वर्षांच्या होत्या, म्हणजे बेटावरच्या मुलांच्याच वयाच्या. नॉर्वेतल्या त्या पिढीच्या राजकारण्यांबद्दल बोलताना हे विसरून चालत नाही. पोलीस उशिरा का पोचले, हेलिकॉप्टर का नव्हते, इशारे का वाचले गेले नाहीत, हे प्रश्न तेव्हापासून प्रत्येक न्यायमंत्र्याच्या टेबलावर आहेत.

आणि ती खुर्ची टिकायला अवघड झाली होती. सोलबर्ग यांच्या आठ वर्षांत अँडर्स अनुन्सेन, पेर-विली अमुन्सेन, सिल्वी लिस्तहाऊग, तोर मिकेल वारा, योरान कालमीर, मोनिका मेलान असे एकामागून एक न्यायमंत्री झाले. मधल्या काळातले हंगामी वेगळेच. लिस्तहाऊग यांना २०१८ मध्ये फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन-अडीच महिन्यांतच जावे लागले, कारण त्यात मजूर पक्षाला राष्ट्राच्या सुरक्षेपेक्षा दहशतवाद्यांचे हक्क मोठे वाटतात असे म्हटले होते आणि उटोयाच्या जखमेवर ते थेट बसले. वारा गेले ते त्यांच्या घराबाहेर झालेल्या हल्ल्यांच्या प्रकरणात त्यांच्याच जोडीदार आरोपी झाल्यामुळे. पुढे त्या जोडीदाराला शिक्षाही झाली. ही नावे वाचा आणि मग सांगा की वयाने खुर्ची टिकते का. मेल यांनी या सगळ्यांपेक्षा जास्त काळ ते खाते सांभाळले. २००५ ते २०११ मंत्री असलेल्या क्नुट स्टोरबेर्गे यांच्यानंतर इतका काळ तिथे कुणीच राहिले नव्हते.

त्यांची सुरुवात कशी झाली ते पाहा. १३ ऑक्टोबर २०२१ ला नव्या सरकारचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच संध्याकाळी ओस्लोच्या नैर्ऋत्येकडच्या कोंग्सबर्ग गावात एका माणसाने धनुष्यबाण घेऊन लोकांवर हल्ला सुरू केला. पोलिसांची आणि त्याची पहिल्या काही मिनिटांतच गाठ पडली होती, पण तो निसटला आणि खून त्यानंतर झाले. पाच जण मारले गेले, चाकूने. रात्री पत्रकारांसमोर आल्या त्या मावळत्या मंत्री मोनिका मेलान. दुसऱ्या दिवशी राजवाड्यात शपथ, मग मावळत्या मंत्र्याकडून कार्यालयाची किल्ली घेण्याचा नेहमीचा छोटा समारंभ, आणि १५ तारखेला मेल पंतप्रधानांबरोबर कोंग्सबर्गला. खाते समजून घ्यायला एक पूर्ण दिवसही मिळाला नव्हता.

त्या प्रसंगी मेल यांनी जे केले ते मला योग्य वाटते: कमी बोलल्या. हल्ल्याचा हेतू काय, दहशतवाद की मानसिक आजार, यावर तर्क सांगितला नाही. तपास पोलिसांचा आहे एवढेच सांगितले. पुढे न्यायालयाने त्या माणसाला आजारी ठरवून सक्तीच्या उपचारांसाठी पाठवले. पहिल्याच दिवशी ‘दहशतवाद’ असा शिक्का मारणारा मंत्री तेव्हा तोंडघशी पडला असता, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या समाजावर त्याची झळ बसली असती.

जून २०२२ मध्ये पुन्हा तेच. प्राइड मिरवणुकीच्या आदल्या रात्री ओस्लोच्या मध्यवस्तीत लंडन पबपाशी गोळीबार झाला. दोन जण ठार, कित्येक जखमी, मिरवणूक रद्द. चौकशीसाठी नेमलेल्या समितीने वर्षभरानंतर सांगितले की पोलीस सुरक्षा सेवेने हाती असलेली माहिती वेगळ्या रीतीने हाताळली असती तर हल्ला कदाचित टळला असता, आणि सेवेच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. हल्लेखोराला २०२४ मध्ये ३० वर्षांच्या प्रतिबंधात्मक कैदेची (म्हणजे धोका कायम असेल तर वाढवता येणाऱ्या कैदेची) शिक्षा झाली. घटना, स्वतंत्र चौकशी, चौकशीचा अहवाल लोकांसमोर, मग माफी, मग बदल: हा क्रम नॉर्वेने २२ जुलैनंतर कष्टाने अंगी बाणवला आहे. मंत्र्याचे काम त्यात आड न येण्याचे असते, आणि ते दिसते तितके सोपे नाही, कारण अहवालात खात्याची लक्तरे निघणार हे आधीच ठाऊक असते.

वकील म्हणून मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला प्रसंग ऑक्टोबर २०२२ चा. क्रिस्तियानसानमध्ये २००० साली दोन लहान मुलींचा खून झाला होता. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या दोघांपैकी एकाने वीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला आणि सतत सांगितले की मी निर्दोष आहे. पुराव्याची पुन्हा तपासणी झाली, अभियोक्त्यांच्या प्रमुखाने त्याला निर्दोष सोडावे अशी भूमिका घेत त्याची माफी मागितली, आणि न्यायमंत्री म्हणून मेल यांनीही मागितली. डिसेंबरात अपील न्यायालयाने त्याला निर्दोष मुक्त केले. पुढच्या वर्षी त्याला सुमारे साडेपाच कोटी क्रोनर नुकसानभरपाई मिळाली. चूक झाली तेव्हा मेल प्राथमिक शाळेत होत्या. तरी ‘हे माझ्या आधीचे आहे’ असे त्या म्हणाल्या नाहीत, आणि हे सगळे घडले कसे हे शोधायला बाहेरच्या लोकांची समिती नेमली गेली. राज्य चुकले तर त्या घडीला खुर्चीवर जो असेल त्याने राज्याच्या वतीने मान खाली घालायची. हे ज्याला उमजते तो या खात्याला लायक, मग तो २८ चा असो की ६८ चा.

आता घसरण. जानेवारी २०२३ मध्ये विरोधी पक्षाच्या खासदाराने विचारले की मंत्र्यांच्या कामाच्या फोनवर टिकटॉक आहे का. चिनी मालकीच्या या ॲपबद्दल तेव्हा युरोपभर चिंता होती, आणि देशाची अंतर्गत सुरक्षा ज्यांच्याकडे त्यांनाच हा प्रश्न होता. मेल यांनी सुरक्षेचे कारण देऊन उत्तर टाळले. पत्रकार विचारत राहिले, त्या टाळत राहिल्या. फेब्रुवारीत शेवटी कबूल केले की हो, काही काळ माझ्या कामाच्या फोनवर ते होते. तरुणांपर्यंत पोहोचण्यासाठी घेतले होते. मार्चमध्ये राष्ट्रीय सुरक्षा प्राधिकरणाने टिकटॉक आणि टेलिग्रामविरुद्ध इशारा दिला आणि सरकारने मंत्री, राज्यमंत्री व राजकीय सल्लागार यांच्या कामाच्या उपकरणांवर ते बंद केले. ही घोषणा करायला पुन्हा मेल याच पुढे होत्या.

बाहेरच्या माणसाला हे क्षुल्लक वाटेल. फोनवर ॲप होते, काढले, संपले. पण नॉर्वेच्या संविधानाच्या ८२ व्या कलमानुसार सरकारने संसदेला आवश्यक ती सगळी माहिती द्यायची आणि ती दिशाभूल करणारी नसावी अशी स्पष्ट तरतूद आहे. खासदाराच्या लेखी प्रश्नाला मंत्र्याने सहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचे असते. या दोन गोष्टींवर इथला सगळा विश्वास उभा आहे. अल्पमतातले सरकार तर दररोज त्याच विश्वासावर चालते, कारण विरोधकांच्या मदतीशिवाय त्याचे एकही विधेयक पास होत नाही. सुरक्षा हे कारण खरेच गोपनीय गोष्टींसाठी राखून ठेवायचे असते. स्वतःची अडचण झाकण्यासाठी ते एकदा वापरले की पुढच्या वेळी खरोखरच्या गोपनीय बाबीवरही लोक शंका घेतात. मेल यांच्यावर तेव्हा कडक टीका झाली आणि माझ्या मते ती योग्य होती. इथे तरुण वयाचा संबंध लावणाऱ्यांना मी विचारते: पासष्टीच्या मंत्र्यांनी उत्तरे टाळलेली तुम्ही पाहिली नाहीत का?

त्याच वर्षाच्या अखेरीस दुसरा धक्का आला. त्याच राष्ट्रीय सुरक्षा प्राधिकरणाने कार्यालयाच्या जागेच्या करारात २० कोटी क्रोनरचे कर्ज घेतल्याचे उघड झाले. सरकारी संस्थेला परस्पर कर्ज काढता येत नाही, तो अधिकार संसदेचा. संस्थेच्या प्रमुखांना पद सोडावे लागले आणि मंत्र्यांना काय, कधी कळले याची विचारणा झाली. मेल त्यातून तरल्या. लक्षात घ्या, त्याच सरकारातले किती जण तरले नाहीत: हादिया ताजिक २०२२ मध्ये सरकारी निवासाच्या करसवलतीवरून गेल्या, ओला बोर्टेन मू २०२३ मध्ये शेअरखरेदीवरून, सांड्रा बोर्क आणि इंगविल शेर्कोल २०२४ मध्ये विद्यापीठातल्या प्रबंधातल्या उचलेगिरीवरून. हे सगळे मेल यांच्यापेक्षा वयाने मोठे होते.

धोरणांबद्दल थोडक्यात. गावाकडचे पोलीस परत आणू हे पक्षाचे मोठे वचन होते. २० नवी पोलीस केंद्रे उघडण्याचे ठरले. पैसे आणि माणसे कमी असताना नवी दारे उघडून काय साधणार, अशी पोलिसांच्या आतूनही टीका झाली, आणि ती मला बरीचशी पटते. न्यायालयांची फेररचना उलटवण्याचा बेत न्यायाधीशांच्या विरोधामुळे फारसा पुढे सरकला नाही. आराखडा मोठ्या प्रमाणात तसाच राहिला. बलात्काराच्या कायद्यात संमतीला केंद्रस्थानी आणायचे काम मात्र त्यांच्या काळात मार्गी लागले. तज्ज्ञ मंडळाचा अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये त्यांच्या हाती आला, आणि कायदा २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला तेव्हा मंत्रिपदावर आस्त्री ओस-हान्सेन होत्या. अशी कामे एका मंत्र्याच्या नावावर जमा होत नाहीत, आणि होऊही नयेत.

आश्रयाच्या बाबतीत मार्च २०२२ मध्ये युक्रेनमधून येणाऱ्यांना सामूहिक संरक्षण देण्याचा निर्णय आठवड्या-दोन आठवड्यांत झाला. एकेकाची कहाणी तपासत बसायचे नाही, सगळ्यांना तात्पुरता परवाना. माझ्या क्षेत्रात इतका वेगवान निर्णय मी दुसरा पाहिलेला नाही आणि त्यासाठी मी त्यांना मनापासून श्रेय देते. २०२४ च्या सप्टेंबरात तेच दार अर्धे लोटले गेले: युक्रेनच्या पश्चिमेकडचे सहा प्रांत सुरक्षित धरून तिथून येणाऱ्यांची पुन्हा एकेक तपासणी सुरू झाली. क्षेपणास्त्रे लविवपर्यंत पोचत असताना त्याला सुरक्षित म्हणणे मला तेव्हाही मान्य नव्हते, आजही नाही. त्याच वर्षी मे महिन्यात रशियन पर्यटकांसाठी स्टोर्स्कूगची, म्हणजे रशियाला लागून असलेली, सीमा बंद झाली.

शेवटचा मोठा विषय आपत्तीचा. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘हान्स’ नावाच्या वादळी पावसाने दक्षिण नॉर्वेत पूर आणला. ग्लोमावरच्या ब्राशेरेइडफोस वीजकेंद्राचा बांध फुटला. ही जागा मेल यांच्या ओस्नेसशेजारच्या वोलेर पालिकेत आहे, म्हणजे खात्याचे काम त्यांच्या दारात येऊन ठेपले होते. त्याआधी दोन महिने देशाच्या एकूण सज्जतेचा अभ्यास करणाऱ्या आयोगाने अहवाल दिला होता: शांततेच्या काळात बरेच काही मोडीत काढले गेले आहे. त्यावर आधारलेले सरकारचे निवेदन १० जानेवारी २०२५ ला आले. मोठ्या नव्या इमारतींत पुन्हा हवाई हल्ल्यापासूनचे निवारे बांधायचे, जी सक्ती १९९८ मध्ये उठवली होती. नागरी संरक्षण दल ८,००० वरून १२,००० वर न्यायचे. हेच मला त्यांचे सर्वांत टिकाऊ काम वाटते. वीस-तीस वर्षांनी उपयोगी पडणाऱ्या आणि कदाचित कधीच न लागणाऱ्या गोष्टीवर पैसा खर्च करा असे मतदाराला सांगणे राजकीयदृष्ट्या फायद्याचे नसते.

त्यानंतर तीन आठवड्यांत सगळे संपले, आणि कारण त्यांच्या खात्याशी संबंधितही नव्हते. युरोपीय संघाच्या ऊर्जाविषयक तीन निर्देशांवरून सेंटर पार्टी ३० जानेवारीला सरकारातून बाहेर पडली. ४ फेब्रुवारी २०२५ ला मेल यांनी खाते सोडले आणि त्या खासदार म्हणून संसदेत परतल्या. नॉर्वेत मंत्री होणारा खासदार आपल्या जागेवरचे मत गमावतो. त्याची जागा यादीतला पुढचा माणूस सांभाळतो, आणि मंत्रिपद गेले की जागा परत मिळते. वयाच्या ३१ व्या वर्षी माजी न्यायमंत्री झालेल्या माणसाची प्रतिष्ठा त्यामुळे अचानक शून्यावर येत नाही.

तुमचा तिसरा प्रश्न: विद्यार्थ्याने काय घ्यावे. मेल यांची भाषणे पाठ करून काही मिळणार नाही. बुधवारी संसदेत प्रश्नोत्तरांचा तास होतो, त्याचे चित्रण संसदेच्या संकेतस्थळावर सर्वांना खुले आहे. भाषा येत नसेल तरी मंत्री कसा उभा राहतो, किती कागद बघतो, कधी चिडतो ते दिसते. भाषा शिकलात तर टिकटॉक प्रकरणातली लेखी प्रश्नोत्तरे क्रमाने वाचा. उत्तर टाळणारे वाक्य कसे रचले जाते आणि ते दोन आठवड्यांत कसे कोसळते, याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही. इथे कोणालाही सरकारी कागद मागता येतात, नागरिकत्वाची अट नाही. कारण सांगावे लागत नाही. कायदा शिकत असाल तर एखादे विधेयक निवडा आणि तज्ज्ञ समितीचा अहवाल, जनतेच्या हरकती, सरकारचा प्रस्ताव, संसदीय समितीचे मत आणि अंतिम मतदान हे सगळे टप्पे एकामागून एक वाचा. संमतीचा कायदा त्यासाठी उत्तम आहे.

आणि नॉर्वेत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी मुलामुलींसाठी एक गोष्ट, जी बहुतेकांना माहीत नसते: मतदानाच्या दिवशी देशात सलग तीन वर्षे नोंदणीकृत राहिलेल्या परदेशी नागरिकाला पालिका आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत मत देता येते, आणि उभेही राहता येते. पुढची स्थानिक निवडणूक सप्टेंबर २०२७ मध्ये आहे. पक्षांच्या स्थानिक शाखा याद्या त्याच्या बऱ्याच आधी करायला घेतात, आणि शाखेच्या सभेला जाऊन बसायला कुणी अडवत नाही.